पिवळ्या रंगातलं घर

जिनिंग आधी होती, घर नंतर. हे मी पहिल्याच ओळीत सांगून टाकते, नाहीतर आमच्या गावचं कोणीतरी हे वाचेल आणि "तुमीच मांगून आलते ना बाई," म्हणून मलाच ऐकवेल. होय बाबा, मागून आलो! आजोबा तहसील कचेरीत, काका कोर्टात, बाबा पंचायत समितीत. आमच्या घराण्यात कोणी नांगराला हात लावलेला नाही आणि तराजूलाही नाही. अशा माणसांना गावात जागा मिळते ती सगळ्यांनी घेऊन उरलेली. बाबांना मिळाली जिनिंगच्या कुंपणाला लागून.

यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव तालुक्याचं. बाजार, एसटी स्टँड, दोन शाळा आणि ही जिनिंग. दिवाळी आटोपली की तिचा भोंगा वाजायचा आणि होळीपर्यंत ती थांबायची नाही. कापूस आत जायचा, रेचे नावाच्या यंत्रांवर त्यातली सरकी वेगळी व्हायची, रुईच्या गाठी बांधल्या जायच्या. आमच्या गल्लीच्या तोंडापासून थेट नाक्यापर्यंत कापसाच्या बंड्यांची रांग लागायची. बैल रवंथ करत उभे, गाडीवान बंडीखाली आडवे, आणि कुणाच्या तरी ट्रान्झिस्टरवर बाजारभाव चाललेले. त्या वर्षांत ते भाव ऐकून कोणी उठून बसत नसे. "अजून उतरला," एवढंच म्हणायचे आणि कूस बदलायचे.

मला मात्र ते दिवस फार आवडायचे. आता सांगितलं तर मुलं हसतात, पण सरकीच्या ढिगाचा तो तेलकट, उबदार वास अजून कुठे आला तर मी थबकते. कुंपणाला एक तार सुटलेली होती. तिथून आम्ही भावंडं आत शिरायचो आणि कापसाच्या गंजीवरून घसरगुंडी खेळायचो. चौकीदार ओरडायचा, "अबे, निंगा इथून, दबून मरसान!" आम्ही कसले मरतोय! धाकटा भाऊ केसांत, भुवयांत रुई घेऊन घरी यायचा आणि काठी टेकत म्हाताऱ्याची नक्कल करायचा. आई हसता हसता खोकायला लागायची.

रुई सगळीकडे होती. तुळशीवर, वाळत घातलेल्या चादरींवर, दह्याच्या सायीवर. खिडक्यांना बाबांनी बारीक जाळी लावली, तर चार दिवसांत जाळीचीच गोधडी झाली. आई दिवसातून तीनदा झाडायची. ती झाडायची आणि मागून रुई परत पडायची. जिनिंगच्या मालकाने आमच्या बाजूला दोन नवे रेचे बसवले, वर नुसते पत्रे टाकले, भिंत घातलीच नाही, आणि त्या हिवाळ्यात आईचं हसता हसता खोकणं संपलं. ती नुसतीच खोकायला लागली. मग धाप लागायला लागली. स्वयंपाकघरात कणीक मळता मळता ती ओट्याला धरून उभी राहायची आणि हाताने आम्हाला खुणावायची, काही नाही, काही नाही, जा खेळा.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं. दमा आहे, आणि ही रुई त्यांना सोसणार नाही. कापसाच्या दिवसांत त्यांना इथे ठेवू नका.

"म्हणजे कुठे ठेवू?" बाबांनी विचारलं.

"ते मी कसं सांगू?" डॉक्टर म्हणाले.

बाबा तसे शांत माणूस. पण कचेरीत आयुष्य गेलेल्या माणसाचा एका गोष्टीवर भारी विश्वास असतो, नियमावर. नगरपालिकेने तेव्हा गावाचा नवा विकास आराखडा करून सभागृहाच्या भिंतीवर लावला होता. बाबा मला सायकलवर बसवून तो दाखवायला घेऊन गेले. भिंतभर नकाशा, आणि त्यात रंग भरलेले. पिवळा म्हणजे राहण्याची वस्ती, निळा म्हणजे बाजार, जांभळा म्हणजे कारखाने. जांभळा तुकडा गावाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे. बाबांनी बोट ठेवलं, "हे आपलं घर. काय रंग?"

"पिवळा."

"आणि ही जिनिंग?"

"तीही पिवळीच."

"तेच तर!" बाबा इतक्या मोठ्याने म्हणाले की टेबलाशी बसलेला शिपाई दचकला. वस्तीत धूळ, धूर आणि आवाज करणारा कारखाना चालवता येत नाही. जुना असेल तर आहे तेवढाच चालू ठेवता येतो, वाढवता मात्र येत नाही. आणि मालकाने तर दोन रेचे वाढवले होते. येताना बाबा सायकलवर गाणं गुणगुणत होते. घरी येऊन आईला म्हणाले, "तुला कुठ्ठे जायचं नाही. आपण पिवळ्यात आहोत."

आईने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला वाटलं, चला, झालं काम.

शेजारी निवृत्त गुरुजी राहायचे. मोत्यासारखं अक्षर, आणि तोंड मात्र तिखट. त्यांनी अर्ज लिहिला, गल्लीभर सह्या घेतल्या. एका काकांनी सही करताना विचारलं, "गुरुजी, मालक काय म्हनन? संक्रातीले तिळगूळ पाठवते बिचारा." गुरुजी म्हणाले, "तिळगूळ खाय अन् सही कर. गोड बोलून राह्यलो मी, समजलं?" सही झाली.

महिनाभराने निरोप आला की नगररचनेचे साहेब जागा पाहायला येणार.

आता पुढचं मी जसंच्या तसं सांगते. साहेब येणार म्हटल्यावर आमच्या गल्लीत काय व्हावं? पहाटेपासून खराट्यांचा आवाज. गल्लीतल्या झाडून सगळ्या बायकांनी अंगणं झाडली, सडे घातले, रांगोळ्या काढल्या. गुरुजींच्या घरी दाराला आंब्याचं तोरण. आणि माझी आई, जिला दोन बादल्या उचलल्या की धाप लागायची, ती तोंडाला पदर गुंडाळून स्टुलावर चढली आणि तिने खिडकीची एकेक जाळी ओल्या फडक्याने पुसून काढली. तुळशीची पानं धुतली. गच्चीवरून पाणी ओतलं. चादरी पलंगपोसांसकट धुऊन घातल्या. बाबा तेव्हा साहेबांना आणायला स्टँडवर गेलेले.

मालकही काही कच्चा गडी नव्हता. त्याने आवारात टँकरने पाणी मारून घेतलं आणि नवे रेचे त्या दिवशी सुरूच केले नाहीत.

साहेब आले. भले गृहस्थ होते. गल्ली पाहून म्हणाले, "वा! तालुक्याच्या गावात इतकी स्वच्छ वस्ती मी पाहिली नाही." आमच्या बैठकीत बसले. आईने पोहे आणले, वर खोबरं-कोथिंबीर, सोबत घरचं लिंबाचं लोणचं. साहेबांनी दोनदा मागून घेतले. मग रुमालाने हात पुसत विचारलं, "हं, तर ती रुई कुठे आहे म्हणता?"

बाबांनी खिडकीकडे बोट केलं. जाळी लखलखीत. बाबांनी तुळशीकडे पाहिलं. पानं न्हाऊन उभी. चादरी पाहिल्या, पांढऱ्याशुभ्र. बाबांचा चेहरा मी अजून विसरले नाही. ते हळूच म्हणाले, "असते साहेब. रोज असते."

"असेल, असेल," साहेब म्हणाले.

अहवाल आला, "परिसर स्वच्छ आढळला. तक्रारीत तथ्य दिसून येत नाही."

त्या संध्याकाळी बाबा उभ्या आयुष्यात पहिल्यांदा आईवर ओरडले. "अगं, पुरावा झाडलास तू! फडक्याने पुसून मोरीत पिळलास!"

आईही कमी नव्हती. "मग काय साहेबांना कचऱ्यात बसवू? माझ्या दारात आलेला माणूस जाळीला चिकटलेली घाण बघून जाणार? जन्मात नाही झालं ते!" आणि बोलता बोलता तिचा श्वास अडकला, आणि बाबा तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले. मला दोघांचाही राग आला होता. आज आठवलं की हसू येतं. काय माणसं होती!

आई पुसदला मामाकडे गेली. पुसदला डोंगराची हवा, मामाचं घर नदीच्या अंगाला. दिवाळीनंतर जायची ती होळीला परतायची. आमची शाळा, बाबांची नोकरी, म्हणून आम्ही इथे. असे बरेच हिवाळे गेले. हिवाळा आला म्हणजे आई नाही, हे आमच्या घरात पंचांगात छापल्यासारखं झालं.

बाबा स्वयंपाक शिकले. म्हणजे, खिचडी शिकले. तुरीच्या दाण्यांची आमटी करायचे ती भावाच्या मते औषध होती. आणि दुपारी मागच्या दाराशी जिनिंगच्या कामकरी बाया पाण्याला यायच्या, त्यांतली एक आमच्यावर लक्ष ठेवायची. ती टेकडीखालच्या बंजारा तांड्यावरची. तिचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे, असं ती मोठ्या ऐटीत सांगायची. आता कोरडवाहू कापूस, आणि हंगामात जिनिंगमध्ये कापूस निवडायचं काम. आईचं आणि तिचं चांगलं मेतकूट होतं. आई गेली की ती मागच्या ओट्यावर मला पुढ्यात बसवून माझी वेणी घालायची.

"तुह्या बापाले फणी धरता येते का? उलटी धरते तो," ती म्हणायची. तिच्या स्वतःच्या केसांत एवढी रुई की ती पांढरी दिसायची, आणि माझ्या केसांतली एकेक काडी ती वेचून काढायची. तिला दोन लेकरं होती. त्यांच्याविषयी बोलताना ती मध्येच बंजाऱ्यांच्या गोर बोलीत शिरायची आणि मला काही कळायचं नाही. फक्त 'याडी' कळायचं. याडी म्हणजे आई. तिची मुलगी माझ्याहून लहान होती आणि, तिच्या म्हणण्याप्रमाणे, माझ्याहून शहाणी. मला तिचा सहवास फार हवासा वाटायचा. ती निघाली की ओटा रिकामा वाटायचा.

इकडे कापसाची अवस्था वाईट होत चालली होती. बंड्यांची रांग दरवर्षी आखूड व्हायची. कापूस आदिलाबादकडे जातो म्हणायचे. पेपरात आमच्या जिल्ह्याचं नाव रोज यायला लागलं आणि का येतं ते बाबा आम्हाला वाचू द्यायचे नाहीत. पण रांग आखूड झाली म्हणून रुई कमी झाली नाही. जुन्या शेडला धूळ अडवायला लावलेले पडदे फाटले, तेही मालकाने काढून टाकले आणि खर्च वाचवायला नवे लावले नाहीत.

गुरुजींनी पुन्हा अर्ज केला. "या बारीले झाडूले कोणी हात लावला तर हात मोडीन," असा त्यांनी गल्लीला दम दिला. साहेब येणार त्याच्या आधी आठवडाभर कोणी झाडायचं नाही, असं ठरलं. बायकांची काय ती तगमग! एक काकू दार लावून आतल्या आत अंगण झाडताना सापडल्या. गुरुजी काठी घेऊन फेऱ्या मारायचे. अर्ज या वेळी आईच्या नावाने होता आणि अर्जदाराला समक्ष सांगावं लागतं म्हणून आई पुसदहून एसटीने आली. फाटकातून पाऊल टाकलं, अंगण पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि सरळ कोपऱ्यातल्या खराट्याकडे गेली.

"वहिनी! खराटा खाली!" गुरुजी कुंपणापलीकडून कडाडले.

आई लाजून हसली. मग अख्खा दिवस ती हात मांडीखाली दाबून बसली.

या वेळी साहेब नव्हते, बाई होत्या. तरुण, चष्मेवाल्या. पोहे नको म्हणाल्या. त्यांनी जाळीवरून बोट फिरवलं, बोटाला लागलेला थर पाहिला. कुंपणाशी उभं राहून चालू रेच्यांकडे पाहिलं. मग आईला म्हणाल्या, "तुम्हाला नेमकं काय हवंय? नुकसानभरपाई वगैरे?"

आईला आधीच धाप लागली होती. ती म्हणाली, "नको हो. मला एक हिवाळा माझ्या घरात काढायचाय. मुलांसोबत. बस."

त्या बाईंनी मान खाली घालून लिहिलं. बाबा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

आदेश आला. रेचे वाढवले म्हणून जुनेपणाची सवलत रद्द, वस्तीतली जिनिंग पुढच्या हंगामाआधी बंद करायची, चालवायची तर जांभळ्या भागात न्यायची. गुरुजींनी गल्लीत पेढे वाटले. मालक स्वतः घरी आला. भांडेल असं वाटलं होतं, पण तो खुर्चीत बसून राहिला. म्हणाला, "जांभळ्यात जाऊन या भावात नवं शेड कोन बांधते, साहेब? नाही बांधत मी. मी थकलो." रेचे त्याने विकून टाकले. ट्रकवर चढवताना पाहायला सगळी गल्ली उभी होती.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि आई घरीच राहिली. भोंगा नाही, रांग नाही. तुळस हिरवी. आईने धुतलेल्या चादरी दोरीवर टाकल्या आणि संध्याकाळी तशाच्या तशा पांढऱ्या काढल्या. भाऊ तिच्यामागे मागे फिरायचा, एवढा घोडा झाला होता तरी. बाबांनी खिचडीच्या पातेल्याला नमस्कार केला. मी इतकी सुखात होते की मला शाळेतून घरी पळत यावंसं वाटायचं आणि मी पळतच यायचे.

अशाच एका दुपारी तांड्यावरची ती मागच्या दाराशी आली. पाण्याला यायचं काही कारण उरलं नव्हतं. आईने तिला आत बोलावलं, फराळाचं ताट दिलं. तिने करंजी हातात धरली, खाल्ली नाही.

"उद्या जातो बाई," ती म्हणाली.

"कुठे?"

"ऊस तोडाले. तिकडं घाटावर. मुकादमाची गाडी येऊन राह्यली तांड्यावर. मी अन् मालक."

मालक म्हणजे तिचा नवरा. आईने विचारलं, "आणि मुलं?"

"त्यायची शाळा हाय ना. सासूपाशी ठेवतो." आणि आईचा चेहरा बघून तीच घाईने म्हणाली, "तुमच्यानं नाही जी हे. शेठ तर केवाचाच बंद करून राह्यलता. भाव कुठं हाय?"

मी दारात उभी होते. नियम बरोबर होता, मी आजही म्हणते. कोणाची आई रुईत गुदमरून मेली असती तर कोणत्या कापसाने ती परत दिली असती? पण त्या दारात उभं राहून मला हे एकही वाक्य सुचलं नाही. मला नुसतं रडू येत होतं.

"कधी येशील परत?" आईने विचारलं.

"होळीच्या आंगंमांगं." मग ती जरा पुढे सरकून बसली. खरं म्हणजे ती हेच विचारायला आली होती. "बाई, लेकरायले सांगावं कसं? मोठी समजते. लहाना गळ्यालेच पडते. तुमाले सवय हाय, म्हून इचारतो. तुमी काय सांगून जात होत्या?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मग खाली.

"मी सांगतच नव्हते गं," ती म्हणाली. "ही शाळेत गेली की मी निघायचे. सकाळी डबा भरून द्यायचे, नेहमीसारखा, आणि दुपारी निघून जायचे. हिच्या तोंडावर सांगायची छाती झाली नाही माझी. एकाही वर्षी नाही."

आम्ही शाळेतून यायचो तेव्हा ती गेलेली असायची. दुपारची एसटी तिला बरी पडते, असं बाबा सांगायचे आणि इतकी वर्षं मी ते खरं धरून चालले होते.

"तू तसं करू नको," आई म्हणाली. तिचा आवाज फुटला होता, पण श्वास मोकळा होता. "सांगून जा. रडली तर रडू दे. गळ्यात पडला तर पडू दे. पण सांगून जा."

"हाव," ती म्हणाली. तिने करंजी पदराच्या टोकात बांधली, दुसरीही बांधली, आणि उजेड असतानाच तांड्यावर पोचायचं म्हणून उठली.